बंगळूर गाठलं, दुसरा मजला राहिला

कोल्हापूरच्या माणसाला पाईपलाईनबद्दल काही नवीन सांगायला जाऊ नये. या विषयात गावाची डॉक्टरेट झालेली आहे. काळम्मावाडी धरणातून थेट नळाने पाणी आणायचं, या एका मागणीवर इथे माणसं तरुणाची म्हातारी झाली. मोर्चे निघाले, उपोषणं झाली, निवडणुका लढवून झाल्या आणि सुमारे ५३ किलोमीटरचं अंतर कापून ते पाणी शहराजवळच्या पुईखडीला पोचलं, ते २०२३ च्या दिवाळीत. नेतेमंडळींनी त्या पाण्याने अभ्यंगस्नान केलं. मधल्या काळात ‘काम अंतिम टप्प्यात’ हे गावाने इतक्या वेळा ऐकलं, की गृहपाठ झाला का विचारलं तर पोरंही तेच सांगायला लागली.

अशा गावात गॅसची पाईपलाईन येणार म्हटल्यावर कुणी साखर वाटली नाही. राजारामपुरीत तर नाहीच. इथे खोदाई हा सातवा ऋतू आहे. गल्लीच्या तोंडाला बॅरिकेड दिसलं की माणूस गाडीवरून न उतरताच विचारतो, “पाणी, ड्रेनेज का केबल?”

“गॅस.”

“हे नवीनच निघालं की. मग डांबर आत्ताच घालू नका म्हणावं. ड्रेनेजवाले यायचे आहेत अजून.”

म्हणून इथल्या लोकप्रतिनिधीचं काम अवघड आहे. त्याला उत्साह नसलेल्या लोकांना प्रगती सांगायची असते. त्यातून २०२० च्या नोव्हेंबरात महापालिकेची मुदत संपली आणि पुढची पाच वर्षं गावाला नगरसेवकच नव्हते. प्रशासक होते, पण प्रशासकाला कट्ट्यावर गाठून “काय साहेब, आमच्या गटारीचं?” असं विचारता येत नाही. मग ज्याने विधानसभेत कायदे करायचे, त्या आमदाराकडेच गटार, कुत्री, पथदिवे आणि गॅस असं एकत्रित खातं आलं. आमदार कोणत्या पक्षाचे ते सांगत नाही. सांगून उपयोगही नाही. छापून होईपर्यंत बदलायचा.

तर आढावा सभा ठरते. राजारामपुरीतला एखादा हॉल, खुर्च्यांना लग्नातल्या पांढऱ्या ओढण्या, मागे फ्लेक्स. फ्लेक्सवर आमदारांचा फोटो दारापासून खिडकीपर्यंत, त्यांच्या नेत्यांचे फोटो डोक्याच्या वर चढत्या क्रमाने, खाली ज्यांच्या सौजन्याने फ्लेक्स लागला त्यांचे गॉगलमधले चेहरे, आणि उरलेल्या जागेत गॅसची शेगडी. निळी ज्योत नेमकी आमदारांच्या खांद्यापाशी आल्याने साहेब पेटल्यासारखे दिसतात. पण फ्लेक्स छापून आल्यावर असल्या गोष्टींकडे कुणी बघत नसतं.

भाषण मात्र चांगलं असतं, हे मान्य केलं पाहिजे. मुळात या गॅसचा प्रवासच असा आहे की तो कुणीही सांगितला तरी रंगतो. परदेशातून हा वायू उणे १६२ अंशांपर्यंत थंड करून, पातळ करून, जहाजातून दाभोळला येतो. पातळ झाल्यावर त्याचं आकारमान सहाशे पटींनी कमी होतं. (“आमच्या शाळेचं अनुदान तसंच,” असं आमच्या तळमजल्यावरचे हेडमास्तर पुटपुटले. ते निवृत्त आहेत, त्यामुळे आता खरं बोलतात.) दाभोळ म्हटल्यावर सभेतली जुनी डोकी एकदम वर होतात. कारण हे तेच दाभोळ. १९९५ च्या निवडणुकीत जो एन्रॉनचा वीजप्रकल्प अरबी समुद्रात बुडवायचा होता, त्याचंच दाभोळ. तसं म्हणणाऱ्यांची सत्ता आली, करार रद्द झाला, पुन्हा झाला, २००१ साली प्रकल्प बंद पडला, कंपनी अमेरिकेत जाऊन स्वतःच बुडाली. आणि आता त्याच अरबी समुद्रातून जहाजं येऊन तिथे गॅस उतरवतात. बुडवायचं ठरवलेल्या जागेतून चूल पेटवायची, हे महाराष्ट्राच्या राजकारणाला धरूनच झालं. तिथली लाटा अडवणारी भिंत वर्षानुवर्षं अपुरी राहिल्यामुळे पावसाळ्यात जहाज लागायचं नाही, हेही साहेबांनी सांगितलं. त्यावर मागून आवाज आला, “आमच्याकडं पावसाळ्यात बसबी लागत न्हाई स्टँडला, जहाजाचं काय घेऊन बसलाय!”

दाभोळहून निघालेली ‘गेल’ कंपनीची ही मोठी वाहिनी २०१३ साली सुरू झाली. रत्नागिरी जिल्ह्यातून सह्याद्री ओलांडते, कोल्हापूर जिल्ह्यातून जाते, बेळगाव, धारवाड करत हजारेक किलोमीटरवरचं बंगळूर गाठते. म्हणजे २०१३ पासून आपल्या जिल्ह्याच्या पोटातून गॅस जातोय आणि त्यावर इडल्या बंगळुरात वाफवल्या जाताहेत. हे ऐकून सभेत पहिल्यांदाच खरी खळबळ उडाली. कोल्हापूरकर महागाई सोसेल, खड्डे सोसेल. पण आपल्या दारावरून जाऊन दुसऱ्याला वाढणं त्याला सोसत नाही. टोल घालवलेलं गाव आहे हे. एक पोरगा उभा राहून म्हणाला, “साहेब, वाटेतच भोक पाडायचं की मग!” साहेबांनी हसून समजूत घातली की भोक रीतसर पाडावं लागतं. त्यासाठी दिल्लीत पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक मंडळ आहे. ते जिल्ह्यांचे लिलाव काढतं. २०१८ च्या नवव्या फेरीत आपला कोल्हापूर जिल्हा एचपीसीएल आणि ऑइल इंडिया या दोन सरकारी कंपन्यांच्या जोडीला मिळाला. त्यांच्याकडेच हरियाणातले अंबाला आणि कुरुक्षेत्र हे जिल्हेही आहेत.

“कुरुक्षेत्र?” हेडमास्तर म्हणाले. “मग आपलंही अठरा दिवसांत उरकायला हवं होतं.”

सभेत एक नमुना फिरवला गेला. हातभर लांबीचा नारिंगी पाईप. जमिनीखालून येतो तो हा. भिंतीवरून वर चढतो तो पिवळ्या रंगाचा लोखंडी. लोकप्रतिनिधीच्या भाषणापेक्षा हातात आलेल्या वस्तूवर माणसाचा विश्वास जास्त बसतो, त्यामुळे सगळी सभा त्या पाईपामागे लागली. पहिल्या रांगेतल्याने तो टिचकी मारून ऐकला, नारळ घेताना ऐकतात तसा. दुसऱ्याने एक डोळा मिटून आरपार बघितलं आणि पलीकडून बघणाऱ्याशी त्याची नजरानजर झाली. एका काकूंनी अंगठ्याच्या नखाने त्यावर ओरखडा काढला, तो पुसून बघितला, पाईप नाकाशी नेला आणि शांतपणे विचारलं, “उंदीर?”

कंपनीचा तरुण इंजिनियर दाब, झडपा, सुरक्षा प्रमाणपत्रं अशी तयारी करून आला होता. उंदीर त्याच्या स्लाईडमध्ये नव्हता.

“काकू, हा जमिनीत खोल असतो…”

“उंदीर काय गच्चीवर असतो व्हय?”

पुढचा प्रश्न भाकरीचा. तो येणारच होता. या गावात कोणत्याही इंधनाची परीक्षा दोनच ठिकाणी होते, भाकरी फुगण्यात आणि पांढरा रस्सा न फुटण्यात. इंजिनियरने सांगितलं, की घरात या गॅसचा दाब अगदी कमी, २१ मिलिबार असतो, सिलिंडरच्या रेग्युलेटरपेक्षाही कमी. म्हणून शेगडीच्या जेटचं भोक मोठं करून द्यावं लागतं. त्याला वाटलं, शंका फिटली. झालं उलटंच. “दाब कमी” एवढंच बायकांच्या बाजूला पोचलं. दाब कमी म्हणजे काय, हे राजारामपुरीला नळाच्या पाण्यावरून पाठ आहे. “म्हंजे आमच्यावाणी तिसऱ्या मजल्यावर मोटर लावायची का?” असा सवाल आला. पाठोपाठ, “गॅस किती वाजता सोडणार?” हाही आला, आणि “एक दिवसाआड का रोज?” हासुद्धा. पोरगा बिचारा पुण्याकडचा असावा. गॅसला ‘सोडणारा’ माणूस नसतो, तो चोवीस तास असतो, हे तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला. लोक त्याच्याकडे सहानुभूतीने बघत होते.

शेवटी साहेबांनी माईक घेऊन २०१९ चा महापूर काढला. पंचगंगा महामार्गावर आली, शिरोलीला पुणे-बंगळूर रस्ता दिवसच्या दिवस बंद, पेट्रोल नाही, सिलिंडरची गाडी नाही. “पाईपला पुराचं भय नाही,” असं साहेब म्हणाले आणि पहिल्या टाळ्या पडल्या. इथे राजकारणी आणि अभियंता यातला फरक कळतो. अभियंत्याला दाब माहीत असतो. राजकारण्याला कुठे दुखतं ते माहीत असतं.

मग सुरक्षितता. इंजिनियर म्हणाला, सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड. गळला तर खाली साचतो. नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन, तो हवेपेक्षा हलका. गळला तर वर निघून जातो. म्हणून जास्त सुरक्षित. विज्ञान निर्विवाद आहे. पण आमच्या इमारतीचे तीनही मजले त्या सभेत शेजारी-शेजारी बसले होते.

“वर म्हणजे कुठं?” तिसऱ्या मजल्यावरच्या दादांनी विचारलं.

“वर, हवेत.”

“वर आम्ही राहतो.”

तळमजल्यावरचे हेडमास्तर प्रसन्न दिसले. आयुष्यभर वरच्या मजल्याचं गळणारं पाणी सोसलेल्या माणसाला खालून वर जाणारी गळती प्रथमच भेटत होती.

हेडमास्तरांबद्दल थोडं सांगायला हवं, कारण या प्रकल्पाचं भवितव्य दिल्लीतल्या मंडळापेक्षा त्यांच्या होकारावर जास्त अवलंबून आहे. त्यांच्याकडचा गॅस खासदारांच्या कोट्यातला आहे. नव्या पिढीला हे सांगितलं तर थट्टा वाटते, पण एके काळी खासदाराला टेलिफोनचा आणि गॅसचा कोटा असायचा. नंबर लावून लोक वर्षानुवर्षं थांबायचे. मुलगी बघायला आलेले पाहुणे स्वयंपाकघराकडे उगाच डोकावून जायचे, आणि ज्याच्या हाती खासदाराची शिफारस पडली त्याच्या घरी पेढे व्हायचे. हेडमास्तरांनी खासदारांच्या बंगल्यावर चकरा मारून ते कनेक्शन मिळवलं. त्या काळी लोकप्रतिनिधी गॅसची ‘माहिती’ देत नसत, गॅसच देत. त्यामुळे आढावा सभा हा प्रकार त्यांना मुळातच हलका वाटतो. ते कनेक्शन परत करायचं म्हणजे पद्मश्री परत करण्यासारखं आहे, असं ते म्हणतात. त्यांना पद्मश्री मिळालेली नाही, पण भावना समजते.

सिलिंडरची त्यांची बाजू अगदीच टाकाऊ नाही, हे मात्र कबूल केलं पाहिजे. आमच्या जिन्यातलं निम्मं दळणवळण सिलिंडरवर चालतं. ऐन पुरणाच्या दिवशी गॅस गेला की दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी खाली येऊन विचारतात, “काका, तुमचा भरलेला आहे?” वर्षभर पार्किंगवरून बोलणं बंद असलेली घरं त्या एका टाकीपायी बोलायला लागतात. १४.२ किलोचं ते लाल धूड दोघांनी धरून जिना चढवताना तिसरा दार उघडून दिवा लावतो. पाईपातून चोवीस तास गॅस यायला लागला की कुणाचा कधी संपणारच नाही, आणि मग आम्ही एकमेकांशी कोणत्या निमित्ताने बोलायचं, हा प्रश्न कोणत्याही सर्वेक्षणाच्या फॉर्मात नाही.

फॉर्मवरून आठवलं. सभेनंतर आमच्या इमारतीचा सर्व्हे झाला. कंपनीकडून दोन पोरं आली. नळी कुठून चढवायची, मीटर कुठे बसवायचं, बघायला लागली. इथपर्यंत सगळे अनुकूल होते. मग त्यातल्या एकाने खिशातून टेप काढली.

राजारामपुरीत टेप काढणारा माणूस हा नुसता माणूस नसतो. तो महापालिकेचा असू शकतो, घरफाळ्याचा असू शकतो, शेजाऱ्याच्या वकिलाचा असू शकतो. तिसऱ्या मजल्यावरच्या दादांनी गॅलरी बंदिस्त करून तिथे मुलाची अभ्यासिका केली आहे. नकाशावर ती अजून मोकळी हवा आहे. टेप त्या बाजूच्या भिंतीला टेकताक्षणी दादांचा पाईप गॅसला तात्त्विक विरोध सुरू झाला. आधी म्हणाले, भिंतीला नुकताच रंग दिलाय. मग म्हणाले, पिवळा रंग त्या भिंतीला शोभणार नाही. मग पर्यावरण आणलं. आता ते मिथेनचा अभ्यास करत आहेत.

पश्चिमेच्या भिंतीवरून न्यावं तर दुसऱ्या मजल्याचं वास्तुशास्त्र आडवं येतं. अग्नी आग्नेयेकडूनच आला पाहिजे. आमची आग्नेय म्हणजे ड्रेनेजच्या चेंबरची बाजू. वहिनींचं म्हणणं, चेंबर हलवा. चेंबर हलवायला तळमजल्याची परवानगी लागते. तळमजल्याचं म्हणणं, आधी गळती थांबवा. गळती दुसऱ्या मजल्याच्या मोरीची. मोरी फोडायची तर फरशी मिळत नाही, त्या डिझाईनची आता येत नाही. असा हा गॅस दाभोळपासून सह्याद्री फोडून आला आणि एका बंद झालेल्या डिझाईनच्या फरशीपाशी थांबला.

बैठक बोलावली. चेअरमन मध्यस्थ. त्यांनी सुरुवातीलाच जाहीर केलं, की ना-हरकत पत्रावर सही करायला त्यांची काहीही हरकत नाही, पण सगळ्यांची हरकत नसल्याचं आधी लेखी हवं. अनामत रकमेवर तासभर गेला.

“परत मिळते का?”

“मिळते.”

“कधी?”

“कनेक्शन बंद केल्यावर.”

“मग घ्यायचं कशाला?” असं विचारून दादांनी चहाचा कप खाली ठेवला. बैठकीत बराच वेळ कुणी बोललं नाही, कारण तर्कात चूक सापडत नव्हती.

बिलाचंही झालं. सिलिंडर संपला की पैसे द्यायचे, हा रोखठोक व्यवहार. इथे मीटर आधी, वापर मागून, बिल त्याच्या मागून. “म्हंजे पावण्यांनी आपल्या घरी किती चहा प्यायला, हे कंपनीला कळणार,” असं वहिनी म्हणाल्या. माझा यावर आक्षेप असा, की ते पाहुण्यांनाही कळलं तर बरं होईल. पण मी बोललो नाही; त्यांचे पाहुणे आमच्याकडेही येतात.

दरम्यान गल्लीच्या तोंडापर्यंत नारिंगी पाईप येऊन पडला होता. समोरच्या इमारतीने सह्या दिल्या आणि त्यांच्या भिंतीवर पिवळी नळी सरसर चढली. ती चढल्यापासून आमच्याकडे अस्वस्थता पसरली. गॅस नको असणं वेगळं आणि समोरच्याला आधी मिळणं वेगळं. त्यांच्या दुसऱ्या मजल्यावरच्या मावशी संध्याकाळी मुद्दाम खिडकीत उभ्या राहून लायटरचा आवाज काढतात, असं आमच्या इमारतीचं एकमत आहे. एकमत झालेला हा पहिलाच विषय.

आणि अशातच आमदारांच्या कार्यालयातून निरोप आला, की साहेब गल्लीत येताहेत. ‘थेट संवाद’. फ्लेक्स पुन्हा लागला. या खेपेला ज्योत साहेबांच्या कानापाशी गेली. साहेब आले. समोरच्या इमारतीत चहा घेतला. पातेलं, शेगडी आणि साहेब एका चौकटीत मावेपर्यंत तीनदा बर्नर बंद करून पुन्हा पेटवला. मग रस्ता ओलांडून आमच्या पार्किंगमध्ये उभे राहिले आणि सवयीने दाभोळपासून सुरुवात केली. कुणीतरी म्हणालं, “साहेब, दाभोळ ऐकलंय. गेटपासून वर कसं न्यायचं तेवढं सांगा. वीस फूट राहिलंय.”

साहेब थांबले. मान वर केली. पूर्वेच्या भिंतीवर दादांची बंदिस्त गॅलरी होती. तिच्या जाळीमागे दादा, त्यांची बायको, आई, दोन मुलगे आणि नुकतीच अठरा पूर्ण झालेली मुलगी ओळीने उभी होती. साहेबांचे ओठ किंचित हलले, मोजत असावेत. मग पश्चिमेला बघितलं. तिथे दुसऱ्या मजल्याचं वास्तुशास्त्र चार मतांचं होतं. खाली हेडमास्तर, सपत्नीक, शिवाय पेन्शनर संघटनेत त्यांचा शब्द चालतो.

ज्या माणसाला जहाजाचं तापमान तोंडपाठ, ज्याला वाहिनीचा प्रत्येक जिल्हा ओळीने सांगता येतो, त्याने त्या वीस फुटांकडे पुन्हा एकदा पाहिलं आणि स्वीय सहायकाला म्हणाला, “नोंद घ्या.” आमच्याकडे वळून अतिशय आपुलकीने सांगितलं, “हा विषय केंद्राच्या अखत्यारीतला आहे. पण मी पाठपुरावा करतो.”

गाडी निघून गेली. दादांनी गॅलरीची खिडकी लावून घेतली. चेअरमन म्हणाले, निदान नोंद तरी झाली.

“केंद्राचा विषय असेल तर सरळ खासदारांनाच गाठू,” हेडमास्तर म्हणाले. “पत्राचा नमुना आहे माझ्याकडे.”